दूधपेढीतली लेबलताई

माझ्या वहिनीला हॉस्पिटलात कोणी नावाने हाक मारत नाही. मोठ्या डॉक्टरांपासून जिना पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळ्यांची ती लेबलताई. हे नाव आधी कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. तिला स्वतःला ते फारसं आवडत नाही, पण फोनवर कोणी "कोण बोलतंय?" असं विचारलं की सवयीने तीही "लेबलताई" म्हणून जाते.

बाळंतिणींच्या मजल्यावर, अगदी टोकाला, दोन खोल्या आहेत. त्यांना दूधपेढी म्हणतात. ज्या आयांना आपल्या बाळाला पुरून उरेल एवढं दूध येतं, त्या तिथे येऊन जास्तीचं दूध काढून देतात. ते गरम पाण्याच्या टबात ठरावीक वेळ ठेवतात, त्यातला थेंब तपासायला पाठवतात, मग गोठवतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीत ठेवलेल्या बाळांना ते पाजलं जातं. त्यांच्या आयांना अजून दूध उतरलेलं नसतं, किंवा त्या स्वतःच दुसऱ्या मजल्यावर शुद्ध हरपून पडलेल्या असतात. प्रत्येक बाटलीवर लेबल असतं, लेबलावर काळ्या रेघांचा बारकोड. लेबल छापायचं, चिकटवायचं, आणि बाटली टबातून फ्रीजरमध्ये, फ्रीजरमधून वॉर्डात गेली की दर वेळी स्कॅनर लावून कॉम्प्युटरला कळवायचं, हे वहिनीचं काम. कॉम्प्युटरमधला तो सगळा डेटाबेसही तिनेच बांधलेला.

ती या कामावर कशी आली, ते सांगते.

लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा औषधांच्या एका घाऊक गोदामात नोकरीला होती. ट्रकमधून खोके उतरले की त्यांना बारकोड लावायचे, माल आत आला, बाहेर गेला की नोंद करायची. गोदामाचा सगळा हिशेब एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचा आणि त्याचे रुसवेफुगवे फक्त वहिनीला कळायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. घरात आई, दादा, वहिनी आणि मी. दादा इलेक्ट्रिशियन. तोंडाला कुलूप नाही असा माणूस. तो घरात आला की आधी त्याची शिट्टी आत यायची, मग तो.

सातव्या महिन्यातच वहिनीला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. इतकी लहान, की काचेच्या पेटीत ती कुठे आहे हे पहिल्यांदा मला सिस्टरांनी बोटाने दाखवावं लागलं. नाव ठेवायचं कोणाला सुचलं नाही. दादाच तिला चिमटी म्हणायला लागला, कारण चिमटीत मावेल एवढी. तो दिवसातून किती वेळा वर जायचा आणि काचेला कपाळ टेकून उभा राहायचा ते मोजणं शक्य नव्हतं. वहिनीला दूध नव्हतं. चिमटीच्या नाकातून गेलेल्या बारीक नळीतून कुणा दुसऱ्या आईचं दूध थेंब थेंब जायचं. वहिनी तो थेंब पाहत बसायची. दूध कोणाचं म्हणून तिने विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, नाव आम्हाला सांगता येत नाही, पण बाई चांगली आहे.

आठवडा उलटला, अजून थोडे दिवस गेले, आणि एका सकाळी चिमटी गेली.

आम्ही वहिनीला घरी आणलं. ती रडली नाही. पाणी दिलं तर पाणी प्यायची, झोप म्हटलं तर डोळे मिटायची. आणि मग, सगळं संपल्यावर, तिला दूध आलं. तिच्या शरीराला काही कळवलेलं नव्हतं. अंगातला कपडा भिजला, तेव्हा ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली आणि आईकडे बघत राहिली. 

तपासणीसाठी गेल्यावर मोठ्या सिस्टरांनी वहिनीला जवळ बसवून दोन्ही वाटा सांगितल्या. गोळ्या घेऊन दूध थांबवता येईल, किंवा ओसरेपर्यंत देता येईल. यातलं एकच बरोबर असं काही नाही, जे झेपेल ते कर, असंही म्हणाल्या. दादा लगेच म्हणाला, थांबवा. वहिनी म्हणाली, देते.

त्या दिवसापासून दादाचं आणि त्या इमारतीचं वाकडं आलं. तो हॉस्पिटलवर चिडला नव्हता. त्यांनी जिवाचं रान केलं हे तो कबूल करायचा. पण त्या फाटकातून आत पाऊल टाकायचं नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. वहिनीला तो स्कूटरवरून न्यायचा आणि औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उतरवायचा. तिथून पुढे ती चालत जायची. घरी चिमटीचा विषय निघाला की तो उठून गॅलरीत जायचा. शिट्टी बंद झाली.

वहिनी रोज जाऊन दूध देत राहिली. तेव्हा बाटल्यांवर जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं नाव, तारीख. गरम पाण्यात शाई पसरायची, गारठ्यात पट्टी आखडायची. एकदा वहिनी दूध देऊन निघाली होती, तेवढ्यात तिला दिसलं की टबातून काढलेल्या बाटल्यांमधल्या काहींची पट्टी सुटून तळाशी गेली आहे. कुठली पट्टी कुठल्या बाटलीची, ते सांगायला काही मार्ग नव्हता. ओळख नसलेली बाटली बाळाच्या तोंडी द्यायची नाही, हा तिथला नियम. सिस्टरांनी एकेक झाकण उघडलं आणि दूध बेसिनमध्ये ओतलं. त्यात वहिनीच्याही बाटल्या होत्या. सिस्टरांनाही ते जिवावर आलं होतं. ओतताना त्या तोंड फिरवून उभ्या होत्या.

घरी येऊन वहिनी रडली. चिमटी गेल्यावर पहिल्यांदा. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मी दारात उभी राहून ऐकत होते. ती एकच गोष्ट फिरून फिरून सांगत होती, की गोदामात खोकल्याच्या औषधाच्या खोक्यालाही आम्ही असं बेवारशी सोडत नाही.

दूध ओसरलं, सुट्टी संपली, ती गोदामात परत रुजू झाली. पण ते बेसिन तिच्या डोक्यातून जाईना. एके दिवशी ती दूधपेढीत गेली आणि मोठ्या सिस्टरांना म्हणाली, मला एक कॉम्प्युटर द्या. सिस्टरांनी बाळांच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी हिशेब खात्यातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर मिळवला. गोदामाच्या मालकांनी जुना स्कॅनर आणि लेबलांचा छोटा प्रिंटर दिला, आणि तिला दुपारनंतर लवकर सोडायलाही ते तयार झाले.

दादाला हे कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. पुन्हा तिथेच कशाला, एवढंच म्हणाला. आईने त्याच्याकडे न बघता ताटात भात वाढला.

"जाऊ दे तिला. इथे बसली तर भिंतींशी बोलायला लागेल."

आई सहसा सुनेच्या बाजूने उभं राहणाऱ्यातली नव्हती. त्यामुळे दादा पुन्हा जेवायला लागला.

वहिनीने डेटाबेसमध्ये चार टेबलं, म्हणजे चार तक्ते, केली. दूध देणाऱ्या आया, बाटल्या, एकत्र गरम केलेल्या बाटल्यांचे घाणे, आणि बाळं. प्रत्येक आईला एक नंबर, प्रत्येक बाटलीला एक नंबर. बाटली आली की तिचा नंबर पडायचा, लेबल छापून यायचं आणि बाटलीवर बसायचं. ऐकायला सोपं आहे. पहिली लेबलं साध्या कागदाची होती, ती फ्रीजरमध्ये पापुद्र्यासारखी सुटली. मग तिने गोदामातली चकचकीत लेबलं आणली. त्यांच्यावर अक्षरं शाईने नाही, उष्णतेने उमटतात. गरम पाण्याच्या टबातून ती करपल्यासारखी बाहेर आली, सगळंच काळं, त्यात रेघा कुठल्या ओळखायच्या? शेवटी प्लॅस्टिकची लेबलं आणि शाईची रिबन लावणारा प्रिंटर मिळाला, तेव्हा ती गारठ्यातही टिकली आणि गरम पाण्यातही. मग नवीनच अडचण. बाटली बारीक आणि गोल, रेघा तिच्या पोटाभोवती वळायच्या आणि स्कॅनरला शेवटच्या रेघा दिसायच्याच नाहीत. तिने लेबल आडवं फिरवलं, रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक आल्या, आणि स्कॅनर पहिल्या झटक्यात बोलला.

स्कॅनरची एक खोड तिला गोदामातून माहीत होती. तो स्वतः काही समजत नाही. समोर जी चौकट उघडी असेल तिच्यात नंबर टाइप करतो आणि मोकळा होतो. एका दुपारी नव्या नर्सने वजनाच्या चौकटीत कर्सर ठेवून बाटली स्कॅन केली, आणि एका बाळाचं वजन हत्तीला लाजवेल एवढं झालं. वॉर्डात दोन दिवस सगळे त्याला गजराज म्हणत होते. वहिनी मात्र हसली नाही. आज नंबर वजनात गेला, उद्या दुसऱ्या बाळाच्या नावावर जाईल, म्हणाली, आणि त्या संध्याकाळी बसून तिने अशी तजवीज केली की बाटलीचा नंबर बाटलीच्या चौकटीशिवाय कुठेच शिरणार नाही. तपासणीचा रिपोर्ट आला नसेल त्या बाटलीला स्कॅनर लावला की पडदा लाल होऊन मोठ्या अक्षरात "थांबा" असं यायचं. पुढे बाळाच्या पायातल्या पट्टीवरही बारकोड आला. आधी बाळ, मग बाटली. दोन्ही जुळलं तरच हिरवं.

काही महिन्यांनी हॉस्पिटलने तिला पगारावर घेतलं. गोदाम सुटलं. दादाची स्कूटर मात्र औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावरच थांबत राहिली.

अशी काही वर्षं गेली. वहिनीला पुन्हा दिवस गेले नाहीत. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मग त्या दोघांनी तो विषय बाजूला ठेवला, आणि आम्हीही.

मग एक दिवस एक तरुण मुलगी दूधपेढीच्या दारात येऊन उभी राहिली. वहिनीने तिला ओळखलं. तिचं बाळ पेटीत होतं, तेव्हा ती इथेच बसून दूध काढायची. बाळ गेलं. त्याच्यासाठी साठवलेलं दूध बरंच उरलं होतं आणि ते तिने पेढीला देऊन टाकलं होतं. आत यायला ती तयार नव्हती. दाराच्या चौकटीला धरूनच तिने विचारलं.

"ताई, माझं ते उरलेलं दूध... ते कोणी प्यायलं का?"

नियमाप्रमाणे उत्तर ठरलेलं होतं. दूध कोणाचं आणि कोणाला गेलं, हे एकमेकांना कळू द्यायचं नाही. वहिनीने तिला पाणी दिलं, बसवलं आणि डॉक्टरांकडे गेली. नाव नाही, गाव नाही, वॉर्ड नाही, फक्त बाटल्या दिल्या गेल्या की नाही आणि किती बाळांना, एवढंच दाखवलं तर चालेल का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, चालेल.

वहिनीने तिथल्या तिथे डेटाबेसला तो प्रश्न लिहून दिला. पडद्यावर त्या मुलीच्या बाटल्यांचे नंबर एकाखाली एक आले. प्रत्येकापुढे "दिली" असा शब्द होता. तळाशी, निरनिराळी पाच बाळं. मुलीने ओळ न् ओळ वाचली. मग पडद्यावर तळवा ठेवला.

"म्हणजे कोणाच्या तरी पोटात गेलं," ती म्हणाली.

वहिनी तिला जिन्यापर्यंत सोडून आली. त्या रात्री ती हे आम्हाला सांगत होती तेव्हा दादा उठून गॅलरीत गेला नाही. 

त्यानंतरच्याच पावसाळ्यात एक रविवार असा आला. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. वॉर्डातली यंत्रं जनरेटरवर लगेच चालू झाली, फ्रीजरही चालू राहिला, पण दूधपेढीतल्या कॉम्प्युटरची बॅटरी मेलेली निघाली. डेटाबेस नेमका नोंद लिहीत असताना बंद पडला. मध्येच थोडा वेळ वीज आली तेव्हा फाइल उघडेचना, आणि वीज पुन्हा गेली. वहिनी रोज घरी जाताना पेन ड्राइव्हवर कॉपी घ्यायची. पण शनिवारपासून ती तापाने घरी होती, त्यामुळे शेवटची कॉपी शुक्रवारची. तिच्यानंतर कोणती बाटली वॉर्डात गेली, कोणती नवीन आली, कोणत्या घाण्याचा रिपोर्ट आला, सगळं अंधारात. आणि नियम तोच होता. ओळख नसलेली बाटली द्यायची नाही. वर पेट्यांमधली बाळं थांबली होती.

सिस्टरांचा फोन आला तेव्हा वहिनी अंथरुणातून उठली. दादाने तिला स्कूटरवर बसवलं आणि कोपऱ्यावर उतरवलं. पुढचं मला दोघांनी सांगितलं, वेगवेगळं, वेगवेगळ्या वर्षी. दोन्ही जुळतं.

दादा स्कूटर वळवत होता, एवढ्यात मोठ्या सिस्टर फाटकातून बाहेर चालत आल्या. त्यांना तो माहीत होता. एवढी वर्षं तो कोपऱ्यावरूनच माघारी जातो हेही माहीत होतं. त्या म्हणाल्या, आमचा वायरमन ट्रान्सफॉर्मरपाशी अडकलाय, कॉम्प्युटरला जनरेटरची लाइन ओढून द्यायला माणूस हवाय. याल का? दादा स्कूटरवर तसाच बसून राहिला.  थोड्या वेळाने त्याने स्कूटर स्टँडवर लावली आणि हत्यारांची पिशवी उचलली.

लाइन ओढायला त्याला फार वेळ लागला नाही. काम संपवून तो निघणार होता. पण सिस्टरांना वॉर्डातून हाक आली, त्या धावत गेल्या आणि खोलीत वहिनी एकटी राहिली. तिने शुक्रवारची फाइल उघडली होती. आता फ्रीजरमधली प्रत्येक बाटली स्कॅन करायची, जी सापडेल ती आहे, जी फाइलमध्ये असून फ्रीजरमध्ये नसेल ती वॉर्डाच्या तक्त्याशी लावून बघायची. पण एका हाताने दार, एका हाताने बाटली, एका हाताने स्कॅनर, असे तीन हात तिच्याकडे नव्हते. तिने दादाला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, टोपी घालायला लावली, आणि म्हणाली, "एकेक द्या. दार फार वेळ उघडं ठेवू नका."

दादा बाटली काढायचा, ती स्कॅन करायची, तो परत ठेवायचा.  स्कॅनरची टिटी, दाराचा रबरी आवाज, एवढंच. मग एक बाटली हातात धरून त्याने विचारलं की हे कोणाचं. ती म्हणाली, सांगता येत नाही. तो पुढची काढायला वळला आणि पाठमोराच म्हणाला,

"आणि आपलं?"

"आपलं यात नाही," वहिनी म्हणाली. "तेव्हा हे नव्हतं. तेव्हा चिकटपट्टी होती."

"म्हणजे कोणाला गेलं ते कळणार नाही."

"नाही. थोडं ओतलं गेलं, ते माझ्या डोळ्यांसमोर. बाकीचं गेलं असेल कोणाला तरी. मला एवढंच ठाऊक आहे."

दुसऱ्या आईला तिने पडद्यावर दाखवलं होतं ते तिला स्वतःला कधीच बघता येणार नव्हतं, हे दादाला त्या क्षणी कळलं. तो फ्रीजरच्या उघड्या दारात तसाच उभा राहिला. गारठ्याने डोळ्यांतून पाणी येतं, असं तो मला हे सांगताना म्हणाला. वहिनी म्हणाली, त्याचे खांदे हलत होते आणि तिने त्याला थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाली, "अहो, दार. पारा चढतोय."

त्याने दार लावलं. हात पुन्हा धुतले. म्हणाला, "चिमटीला जिचं दिलं, ती बाई चांगली आहे म्हणाल्या होत्या ना सिस्टर?"

"हो. म्हणाल्या होत्या."

मग त्याने पुढची बाटली काढली.

दुपार कलेपर्यंत सगळ्या बाटल्यांची ओळख पटली. एकच अडली. ती कोणीतरी वितळवायला बाहेर काढून ठेवली होती आणि तिच्या घाण्याचा रिपोर्ट लॅबकडून सोमवारशिवाय मिळणार नव्हता. वितळलेलं दूध पुन्हा गोठवता येत नाही. वहिनीने झाकण उघडलं आणि ती बेसिनमध्ये ओतली. नोंद केली, "ओतली". दादा शेजारी उभा होता. वर वॉर्डात पहिल्या बाळाच्या पायाची पट्टी आणि बाटली दोन्ही स्कॅन झाली, पडदा हिरवा झाला, तेव्हा सिस्टरांनी खाली फोन करून फक्त "चालू झालं" एवढंच सांगितलं.

ते दोघं घरी आले तेव्हा आईने ताटं घेतली. जेवताना दादा आपणहून चिमटीबद्दल बोलायला लागला. तिची बोटं कशी होती, ती पाय कसा झाडायची. आम्ही हातातला घास हातात धरून ऐकत होतो. वहिनी मधूनमधून त्याची चूक सुधारत होती. डावा नाही, उजवा पाय.

पुढे दादाने दूधपेढीतली बॅटरी बदलली आणि दर महिन्याला जाऊन ती तपासू लागला. हॉस्पिटलला मोठी नवी यंत्रणा आली, सगळ्या मजल्यांसाठी एकच. ती बसवायला आलेली मुलं वहिनीजवळ कित्येक दिवस बसली आणि तिच्या डेटाबेसमधली पहिल्या बाटलीपासूनची प्रत्येक नोंद त्यांनी नव्यात नेली. नवीन जास्त चांगली आहे, असं वहिनी म्हणते. तिच्यात फाइल मोडत नाही.

मला मुलगा झाला तो दिवस भरून, धष्टपुष्ट, आणि मला दूध इतकं आलं की घरभर कपडे वाळत घालावे लागायचे. वहिनीने एका शब्दानेही सुचवलं नाही. मी आपणहून गेले. मला वाटलं होतं, घरचंच माणूस आहे, लगेच होईल. पण तिने मला इतर बायांच्या रांगेत बाकावर बसवलं. माझी पाळी आली तेव्हा नाव विचारलं, वय विचारलं, आजार, औषधं, रक्ताचे रिपोर्ट, सगळं, जणू मी तिला रस्त्यात पहिल्यांदाच भेटत होते. मी हसले, ती हसली नाही. पंपाजवळ बसवून ती बाहेर गेली. मी बाटली भरून दिली तेव्हा तिने ती उजेडात धरून पाहिली, प्रिंटरमधून माझं लेबल निघालं, आणि तिने अंगठ्याने दोन्ही टोकं घट्ट दाबून ते बाटलीवर बसवलं. दाबताना तिचा हात जरा रेंगाळला. मग स्कॅनर लावला.

"दुसरी द्या," ती म्हणाली.

घरी ती मला लग्न होऊन आल्यापासून अगं-तुगं करत आली होती. मी दुसरी बाटली तिच्या हातात दिली.